नॅनो संशोधन-साधनांची सामायिकता आणि वर्गाध्यापक : एक चिकित्सा

प्रस्तावना

भारतात २००७ मध्ये पाच वर्षांसाठी एक हजार कोटी रुपयांच्या तरतुदीसह नॅनो मिशन सुरू झाले. पुढे पदवी अभ्यासक्रमांतही नॅनो पदार्थ हा घटक स्थिरावला. तथापि, हा घटक शिकविणाऱ्या अध्यापकापर्यंत संशोधनाची साधने कितपत पोहोचली, या प्रश्नाची चर्चा अभावानेच होते. प्रस्तुत लेखात सामायिकतेच्या तीन प्रतिमानांच्या आधारे त्याची चिकित्सा केली आहे.

तीन प्रतिमाने

पहिले प्रतिमान उपकरणाचे. आयआयटी मुंबई व भारतीय विज्ञान संस्था, बंगळूर येथील नॅनो-इलेक्ट्रॉनिक्स केंद्रे 'इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स यूजर्स प्रोग्राम'द्वारे बाहेरच्या संशोधकांना खुली झाली. प्रशिक्षण कार्यशाळा आणि निवडक प्रस्तावांना प्रयोगसुविधा असे तिचे स्वरूप. २०२० मध्ये सुरू झालेल्या 'आय-स्टेम' संकेतस्थळाने देशभरातील उपकरणांची माहिती व आरक्षण एकत्र आणले. दोहोंचे मोल निर्विवाद आहे; मात्र दोन्हींचा गृहीत लाभार्थी संशोधकच आहे. साठ विद्यार्थ्यांच्या वर्गाला एकच मापन दाखवू इच्छिणारा अध्यापक 'संशोधन प्रस्ताव' या चौकटीत बसत नाही.

दुसरे प्रतिमान संगणकीय. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या 'नॅनोहब'ने सदृशीकरणाची साधने व व्याख्याने विनामूल्य उपलब्ध केली. महागड्या प्रयोगशाळेविना ट्रान्झिस्टरचे वर्तन अभ्यासता येणे ही मोठीच सोय होय. परंतु सदृशीकरणातील आलेख स्वच्छ असतो. नमुना बिघडणे, मापनातील चढउतार, शंकास्पद निष्कर्ष हा विज्ञानाचा अनुभव त्यातून मिळत नाही.

तिसरे प्रतिमान दूरनियंत्रणाचे. इलिनॉय विद्यापीठात १९९९ मध्ये सुरू झालेल्या 'बगस्कोप' उपक्रमात शालेय वर्ग कीटक टपालाने पाठवीत. नमुन्याची तयारी संस्थेचे कर्मचारी करीत आणि विद्यार्थी आंतरजालावरून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक चालवीत. येथे वर्ग हाच लाभार्थी मानला गेला, हे या उपक्रमाचे वेगळेपण होय.

एक उदाहरण

सुवर्ण नॅनोकणांची टर्केविच पद्धत १९५१ पासून ज्ञात आहे. क्लोरोऑरिक आम्लाच्या उकळत्या विरल द्रावणात सोडियम सायट्रेट मिसळले की द्रावण माणकासारखे लाल होते. साध्या वर्णपटमापीवर सुमारे ५२० नॅनोमीटरजवळ शोषणशिखर मिळते. एवढे सारे सामान्य महाविद्यालयात शक्य आहे. परंतु कणांचा आकार व त्यातील विषमता प्रत्यक्ष पाहण्यासाठी पारेषण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची गरज पडते, आणि प्रयोग नेमका येथेच अडतो. मग विद्यार्थी पाठ्यपुस्तकातील आकृतीवर विश्वास ठेवून प्रयोगवही पूर्ण करतो.

वस्तुतः येथे उपकरणाचा ताबा आवश्यक नाही. मापपट्टीसह एखादी मूळ प्रतिमाही पुरेशी ठरते. तीत अनेक कण असतात. 'इमेजजे'सारख्या विनामूल्य प्रणालीने त्यांचे मापन करून वितरण-आलेख काढणे हा संपूर्ण प्रात्यक्षिकाचा विषय होऊ शकतो. परंतु शोधनिबंधात सामान्यतः निवडक प्रतिमाच छापल्या जातात. उर्वरित प्रतिमा संशोधनगटाच्या संगणकातच राहतात.

आक्षेप आणि विचार

उपकरणाचा वेळ मौल्यवान असून तो अध्यापनावर खर्च करणे परवडणारे नाही, असा आक्षेप घेतला जातो. तो अंशतः योग्य आहे. क्लीन रूम पदवीच्या वर्गाला खुली करता येणार नाही. परंतु आधीच काढलेल्या प्रतिमा व वर्णपट उपलब्ध करण्यास उपकरणाचा एक मिनिटही लागत नाही. लागतात ते वर्णनाचे श्रम : नमुना कोणता, मापनाच्या अटी कोणत्या, त्रुटी कोणत्या. या श्रमांना संशोधकाच्या मूल्यमापनात स्थान नसेल, तर ते कोणी करावेत?

निष्कर्ष

उपकरणांची सूची म्हणजे सामायिकता नव्हे. सार्वजनिक निधीतील सुविधांनी अध्यापकांसाठी स्वतंत्र प्रवेशवर्ग ठेवावा, मूळ प्रदत्ते मराठीसह भारतीय भाषांतील टिपणांसह खुली करावीत आणि या कार्याची संशोधकाच्या नावे नोंद घ्यावी. अन्यथा नॅनो तंत्रज्ञान पदवीच्या विद्यार्थ्याला पाच गुणांच्या टिपेपुरतेच भेटेल आणि ज्या वर्गांतून उद्याचा संशोधक यावयाचा, ते वर्गच या ज्ञानव्यवहाराबाहेर राहतील.