चकचकीत म्हणजे अस्सल नव्हे

चित्रपटाच्या तबकडीचे परीक्षण करताना 'चित्र काचेसारखे स्वच्छ' असे लिहून पैकीच्या पैकी गुण देण्याची प्रथा आहे. हा निकष आम्हाला मान्य नाही. तबकडीने मूळ फिल्मशी इमान राखावे. फिल्ममध्ये नसलेली झळाळी आणण्याचे तिला कारण नाही.

कृष्णधवल फिल्मवरील चित्र चांदीच्या सूक्ष्म कणांचे बनलेले असते. हे कण प्रत्येक चौकटीत निराळ्या जागी असतात, म्हणून पडद्यावर बारीक सळसळ जाणवते. अंकीय संकोचनाची बरीचशी बचत लागोपाठच्या चौकटींतील सारखेपणावर चालते, आणि कण तर कधीच सारखे नसतात. मग ते पुसून टाकले जातात. त्यांच्याबरोबर त्वचेचा पोत आणि कापडाची वीणही जाते, माणसे मेणाची दिसू लागतात. व्हीसीडीला याबद्दल बोल लावण्यात अर्थ नव्हता; ३५२ × २८८ बिंदू आणि चित्रासाठी सेकंदाला सुमारे ११.५ लाख बिट, एवढीच तिची ऐपत. १९२० × १०८० बिंदूंच्या ब्लू-रेवर मात्र हा प्रकार अक्षम्य होय.

'पथेर पांचाली'ची (१९५५) २०१५ मधील ब्लू-रे आवृत्ती या कसोटीला उतरते. मूळ निगेटिव्ह १९९३ साली लंडनमधील आगीत होरपळली होती. बोलोन्या येथील प्रयोगशाळेत वाचलेला भाग दुरुस्त केला गेला, उरलेला इतर प्रतींवरून घेतला. त्यामुळे काही दृश्ये किंचित मवाळ दिसतात, पण त्यांना खोटी धार लावलेली नाही. अपू आणि दुर्गा काशाच्या रानातून आगगाडी पाहायला जातात, तेथे प्रत्येक तुरा सुटा दिसतो. ध्वनीही मूळचा एकमार्गीच ठेवला आहे, हे आम्हाला विशेष आवडले.

ध्वनीबाबत एक गोष्ट सहसा कोणी तपासत नाही. फिल्म सेकंदाला २४ चौकटींनी चालते, तर पाल पद्धतीच्या डीव्हीडीवर ती बहुधा २५ चौकटींनी पळते. १२५ मिनिटांचा चित्रपट १२० मिनिटांत संपतो! स्वरही पेटीच्या शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांमधील अंतराच्या सुमारे सात दशांशाने चढतो. रविशंकरांची सतार अशी चढलेली ऐकणे सुरेल कानाला सोसवत नाही.

शाळेत ही तपासणी करायची तर दूरदर्शन संचावरील 'शार्पनेस' आधी कमीत कमी करावा. एरवी गडद आकृतीभोवती पांढरी कड उमटते आणि दोष उगाच तबकडीवर जातो. शार्पनेस उतरवूनही कड राहिली, तर ती बहुधा तबकडीतलीच असते.