सय्यद हैदर रझा : निसर्गदृश्याकडून रंगप्रदेशाकडे

सय्यद हैदर रझा (1922–2016) यांच्याविषयीची चर्चा बहुधा त्यांच्या चित्रांतील ‘बिंदू’ या वर्तुळाकार प्रतीकापासून सुरू होते आणि तिथेच थांबते, त्यामुळे त्यापूर्वीची सुमारे चार दशके ते प्रामुख्याने निसर्गचित्रकार होते, याचा विसर पडतो. वडील वनखात्यात असल्याने मध्य प्रदेशातील मंडला परिसराच्या जंगलांत गेलेले बालपण आणि नागपूर व मुंबई येथील कलाशिक्षण यांतून त्यांची नजर घडली. चाळीसच्या दशकातील त्यांची जलरंगचित्रे ओघवती व प्रसन्न आहेत, परंतु त्यांत बांधणी, म्हणजे चित्रातील आकारांनी एकमेकांना तोलून धरणे, कमी पडते. 1948 साली काश्मीरमध्ये भेटलेले फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ यांनी हीच उणीव दाखवून चित्रकार सेझानचा अभ्यास सुचवला, आणि 1950 मध्ये रझा पॅरिसला गेले.

तेथील आरंभीच्या चित्रांत घरे सपाट भौमितिक आकारांत उभी राहतात आणि आकाशात कधी काळा सूर्य दिसतो; म्हणजे रंग वस्तूच्या नैसर्गिक वर्णापासून सुटू लागलेला असतो. पुढे तैलरंगाचे जाड थर देताना घरे, झाडे व टेकड्या एकमेकांत मिसळतात. 1956 चा ‘प्री द ला क्रितीक’ हा समीक्षकांचा पुरस्कार या टप्प्यावरचा आहे. मात्र ही चित्रे कितीही देखणी असली, तरी युरोपीय निसर्गचित्रणाच्या परंपरेत ती सहज सामावतात.

खरे वळण साठच्या दशकात येते. 1962 मध्ये बर्कले येथे अध्यापनासाठी गेले असताना अमेरिकी अमूर्त चित्रकलेचा, विशेषतः रॉथ्कोच्या रंगक्षेत्रांचा, त्यांच्यावर खोल परिणाम झाला. त्यानंतर स्वीकारलेल्या ॲक्रिलिक या पाण्यात कालवता येणाऱ्या आणि लवकर वाळणाऱ्या माध्यमात तैलरंगासाठी लागणारी दीर्घ प्रतीक्षा नसल्याने कुंचल्याच्या फटकाऱ्याचा वेग टिकून राहिला. ‘तपोवन’ (1972) मध्ये झाड किंवा वाट अशी वेगळी काढून दाखवता येत नाही, तरीही काळ्या-तपकिरी गर्दीतून उसळणाऱ्या लाल-नारिंगी रंगांमुळे जंगलातली रात्र अंगावर येते. अमूर्तीकरण म्हणजे दृश्याचा त्याग नव्हे, तर त्याचे रूप गाळून प्रत्यय राखणे, हे या चित्राइतके स्पष्टपणे क्वचितच दिसते. त्याच सुमारास चित्रकार अकबर पदमसी आपल्या ‘मेटास्केप’ मालिकेत डोंगर, पाणी, सूर्य-चंद्र यांची शांत, विचारपूर्वक मांडणी करत होते. रझांचा निसर्ग त्याहून कितीतरी अधिक अस्वस्थ आहे.

‘सौराष्ट्र’ (1983) हे दोन मीटर लांबी-रुंदीचे चित्र या प्रवासाचा कळस मानावे लागते. राजपूत लघुचित्रांत एकाच पृष्ठाचे चौकटींनी विभाग पाडले जातात, तशी विभागणी येथे आहे. बिंदूही आला आहे. पण प्रत्येक चौकटीतला रंग अजून धगधगता आहे, आणि कडा कुठे घट्ट, कुठे विस्कटलेल्या आहेत. नंतरच्या भौमितिक चित्रांत त्रिकोण, वर्तुळे व पंचमहाभूतांचे संकेत ठाम झाले, तसा रंग संकेताच्या आज्ञेत राहू लागला. त्या चित्रांची शिस्त आणि चिंतन आदरास पात्र आहे. तथापि लाल रंग अग्नीचा, निळा पाण्याचा असे एकदा ठरून गेले, की रंगाने स्वतः काही शोधून काढण्याची जागा उरत नाही.