प्रतिष्ठान: राजाचे आणि अत्तरविक्याचे

पैठणवरील मराठी लेखनाची चाल ठरून गेली आहे. आधी सातवाहनांची राजधानी, मग गौतमीपुत्राचा पराक्रम आणि शेवटी दरबाराचे भूषण म्हणून हालाची ‘गाथासप्तशती’. ही मांडणी मला अपुरी वाटते.

पैठणला राजनगरी म्हणतो तो दुसऱ्या शतकातला टॉलेमी. ‘पेरिप्लस’चा कर्ता मात्र ते बाजारपेठ म्हणून ओळखतो: भडोचपासून २० दिवसांच्या वाटेवर आणि तेथून पूर्वेला १० दिवसांवर तगर, म्हणजे आपले तेर. पितळखोऱ्याच्या लेण्यातील खांबावर पैठणच्या ज्या माणसाचे नाव कोरले आहे, तो राजा नव्हे. मितदेव नावाचा गंधिक, अत्तरविक्या आहे.

‘गाथासप्तशती’तही राजवाडा फारसा दिसत नाही. दिसतात ते नांगरणारा हालिक, गावचा ग्रामणी, कापसाचे शेत आणि परगावी गेलेल्या नवऱ्याची वाट पाहणारी बाई. या रचना जाणत्या, नागर कवींच्याच असतील, हा आक्षेप रास्त आहे. पण मग त्या कवींना शिवाराकडे का वळावेसे वाटले, हाच समीक्षेचा खरा प्रश्न ठरतो. ‘दरबारी काव्य’ म्हटले की तो पुसला जातो.

पैठण आणि तेर यांच्या मधला बराचसा मुलूख आज बीड जिल्ह्यात येतो. कड्यात राहून हे ग्रंथ वाचणाऱ्या मला म्हणूनच वाटते की, शिलालेख नसलेल्या आमच्या गावांचा इतिहास राजांच्या वंशावळीत शोधून हाती लागणार नाही. तो बाजारवाटांवर आणि गाथांतल्या शिवारात शोधावा लागेल.