‘अडकलो’ : घसरत्या कंपनीच्या लहान भागधारकांच्या बोलण्याची चिकित्सा

१

बाजार पडला की लहान गुंतवणूकदारासंबंधी दोन मते हमखास ऐकू येतात. एका मताप्रमाणे तो लोभी असतो, दुसऱ्या मताप्रमाणे तो भोळा असतो. ही दोन्ही मते त्याच्या स्वभावासंबंधी आहेत. तो प्रत्यक्ष काय बोलतो, कोणत्या शब्दांत बोलतो आणि त्या शब्दांआड त्याचे कोणते कृत्य झाकले जाते, याचा विचार त्यांत नाही. प्रस्तुत लेखात तो करण्याचा यत्न आहे. दलालाच्या कचेरीत, आगगाडीच्या डब्यात, घरच्या बैठकीत जे बोलणे कोणाच्याही कानी पडते तेच येथे सामग्री म्हणून घेतले आहे. ते मोजून-मापून जमविलेले नाही. त्यातून निघणारे निष्कर्षही त्याच बेताने घ्यावेत.

या चर्चेसाठी तंत्रज्ञानाच्या क्षेत्रातील कंपनी निवडण्यास कारण आहे. गिरणगावातील गिरणीची स्थिती निदान काही अंशी डोळ्यांना दिसत असे. भोंगा वाजला की नाही, धुराडे पेटले की नाही, पाळ्या तीन चालतात की दोन, हे वाटसरूलाही सांगता येई. संगणकप्रणाली लिहून देणाऱ्या कंपनीचे असे काही दिसत नाही. तिची मिळकत करारांत, परवान्यांत आणि परदेशी गिऱ्हाइकांकडील येण्यांत असते. भागधारकाला तिचे दर्शन घडते ते केवळ कागदावर, आणि हा कागद बहुधा इंग्रजीत असतो. जे पाहता येत नाही आणि नीट वाचताही येत नाही त्याची जागा बोलणे घेते. म्हणूनच या बोलण्याचे महत्त्व आहे.

२

भाव उतरू लागल्यावर मराठी भागधारकाच्या तोंडी प्रथम जे क्रियापद येते ते ‘अडकणे’. ‘चारशेला अडकलो,’ असे तो म्हणतो. समभाग विकत घेताना हाच मनुष्य ‘मी घेतले’ असे म्हणाला होता. तेथे क्रियापद सकर्मक होते आणि कर्तृत्व निःसंशय त्याचे होते. भाव उतरताच क्रियापद अकर्मक होते. चिखलात पाय अडकावा, दारात पदर अडकावा, तसा तो अडकतो. कृती संपते आणि अवस्था उरते.

वस्तुतः बाजार उघडा असताना आणि गिऱ्हाईक असताना भागधारक कधीही अडकलेला नसतो. तो रोज सकाळी न विकण्याचा निर्णय नव्याने घेत असतो. ‘अडकलो’ या शब्दाने हा रोजचा निर्णय दिसेनासा होतो. ‘विकले नाही तोवर तोटा नाही’ हे बाजारात सर्वमान्य झालेले वचन याच शब्दाचे भाष्य आहे. तोटा भावाने होतो. विक्रीने तो केवळ मान्य केला जातो. परंतु मान्य न केलेली गोष्ट घडलेलीच नाही असे मानण्याची सोय या वचनाने होते.

दुसरा शब्द ‘अॅव्हरेज करणे’. त्याचे गणित एकदा मांडून पाहणे बरे. एखाद्याने १०० समभाग ४०० रुपयांनी घेतले. भाव २०० झाल्यावर त्याने आणखी १०० घेतले. त्याची सरासरी खरेदी ३०० वर आली, आणि ‘आता तीनशे झाले की सुटलो,’ असे तो म्हणू लागला. पुढे भाव १०० झाला. पहिल्या १०० समभागांवर थांबला असता तर त्याचा तोटा ३०,००० रुपये झाला असता. आता तो ४०,००० झाला. सरासरी खाली आली, तोटा वर गेला. सरासरी ही भागधारकाच्या स्मरणातील संख्या आहे. कंपनीला किंवा बाजाराला तिची वार्ताही नसते. तरीही हे ‘अॅव्हरेज’ दुरुस्तीच्या सुरात बोलले जाते, जणू चुकलेला हिशेब बरोबर केला.

येथे एक तुलना उद्बोधक आहे. जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेत लहान गुंतवणूकदारांनी काही घसरलेल्या कंपन्यांचे समभाग एकजुटीने विकत घेतले. भाव कोसळला तरी न विकणाऱ्याचे ‘हात हिऱ्याचे’ आणि विकणाऱ्याचे ‘हात कागदाचे’, असे रूपक तेव्हा त्यांच्यात रूढ होते. मराठीत न विकणे ही दैवगती ठरते, तेथे ते शौर्य ठरले. दोन्हींकडे लपते ती गोष्ट मात्र एकच, आणि ती म्हणजे न विकणे हाही एक निर्णय आहे व त्याला कारण द्यावे लागते, ही.

३

क्रियापदानंतर सर्वनामांकडे वळू. या बोलण्यात ‘आपण’ आणि ‘ते’ अशी दोन सर्वनामे राज्य करतात. ‘आपली कंपनी’, ‘आपले मॅनेजमेंट’ असे म्हणणाऱ्याजवळ कंपनीचा लक्षांशही नसतो. कायद्याने तो मालकांपैकी एक आहे खरा, परंतु त्याच्या ‘आपली’त मालकीपेक्षा नातेसंबंधाचा भाव अधिक आहे. नात्यातल्या माणसाविषयी वाईट बोलू नये हा संकेत मग कंपनीलाही लागू होतो, आणि ताळेबंदातील खोट दाखविणारा घरभेदी ठरतो.

‘ते’ या सर्वनामाला तर पूर्वपदच नसते. ‘ते भाव दाबतायत’, ‘त्यांना आपला माल स्वस्तात काढून घ्यायचाय’ या वाक्यांतील ‘ते’ कोण, हे विचारल्यास ‘मोठे लोक’, ‘ऑपरेटर’ अशी उत्तरे मिळतात. बाजारात भाव फिरविणारे लोक नसतात असे नाही. आपल्या नियामक मंडळाने अशा अनेकांवर कारवाई केलेली आहे. परंतु येथे ‘ते’ पुराव्यावाचून येतात आणि प्रत्येक घसरणीचा अर्थ लावून देतात. भाव चढला तर कंपनी चांगली म्हणून, पडला तर ‘ते’ वाईट म्हणून. कोणत्याही घटनेने खोटे ठरू न शकणारे विधान ज्ञानाच्या कामाचे नसते. बोलणाऱ्यांना एकत्र ठेवण्याच्या कामी मात्र ते उत्तम येते.

या बोलण्याचा काळ भविष्य आहे आणि त्याचे माप तिमाही. ‘ही तिमाही गेली, पुढची बघा.’ तिमाहीचे आकडे वाईट आले तर ते ‘भावात आधीच धरलेले’ असतात, चांगले आले तर ‘ही सुरुवात’ असते. अर्थशास्त्रज्ञ केन्सने १९३६ च्या आपल्या ग्रंथात शेअरबाजाराची तुलना वृत्तपत्रातील एका सौंदर्यस्पर्धेशी केली होती. त्या स्पर्धेत आपल्याला सुंदर वाटणारे चेहरे निवडून भागत नाही. इतर स्पर्धक कोणते निवडतील हे ओळखावे लागते. आपल्याकडे ‘लोक काय म्हणतील’ ही चिंता घराघरात आहे, तेव्हा हे तत्त्व समजण्यास मराठी माणसाला ग्रंथाची गरज पडू नये. परंतु केन्सच्या स्पर्धकाला इतरांचा कौल निकालात कळतो. आपला लहान भागधारक इतरांचा कौल आपल्यासारख्याच अडकलेल्या चौघांकडून ऐकतो आणि त्यालाच बाजार समजतो.

४

येथवरचे विवेचन वाचून लहान भागधारक दोषी ठरला असे कोणास वाटेल. तो निर्णय घाईचा होईल. त्यासाठी हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर या कंपनीचे उदाहरण पाहू. १९८७ मध्ये स्थापन झालेली ही कंपनी देशातील आघाडीच्या संगणकसेवा कंपन्यांत मोडत होती. १६ डिसेंबर २००८ रोजी तिच्या संचालक मंडळाने ‘मेटास’ नावाच्या दोन कंपन्या सुमारे १६० कोटी डॉलरना घेण्याचे ठरविले. या कंपन्या बांधकाम व जमिनीच्या व्यवसायातील होत्या आणि सत्यमच्या संस्थापक कुटुंबाशी निगडित होत्या. त्यांचे नावही सत्यमचीच इंग्रजी अक्षरे उलट लावून केलेले होते. गुंतवणूकदारांनी कडाडून विरोध केल्याने हा बेत काही तासांत सोडावा लागला. तरी दुसऱ्या दिवशी भाव सुमारे ३० टक्के कोसळला.

त्यानंतरच्या तीन आठवड्यांत सत्यमच्या लहान भागधारकाला काय बोलणे शक्य होते? ‘धंदा चांगला आहे, कारभार बिघडला आहे, कारभार बदलता येतो.’ हे बोलणे भाबडे नव्हते. सप्टेंबर २००८ अखेरच्या ताळेबंदात ५,३६१ कोटी रुपयांची रोकड व बँकशिल्लक दाखविलेली होती. आधीची वार्षिक हिशेबपत्रे नामांकित लेखापरीक्षकांच्या सहीने प्रसिद्ध झालेली होती. ती वाचून ज्याने समभाग राखले त्याने विद्यापीठात शिकविले जाते तसेच केले. ७ जानेवारी २००९ रोजी अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्र लिहून कबुली दिली की त्या शिल्लकीपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नव्हते. त्या एका दिवसात समभाग सुमारे १७९ रुपयांवरून ४० रुपयांच्या आसपास आला.

यात ध्यानी घेण्याजोगी गोष्ट अशी की ज्याने हिशेब वाचले आणि ज्याने केवळ ऐकले, ते दोघेही त्या दिवशी सारखेच बुडाले. पुढील घटनाही परिणामावरून बोलण्याची पारख करणाऱ्याला चकविणाऱ्या आहेत. सरकारने जुने संचालक मंडळ दूर करून नवे नेमले. एप्रिल २००९ मध्ये पुण्याच्या टेक महिंद्रने समभागास ५८ रुपये देऊ करून कंपनीचा ताबा मिळविला. २०१३ मध्ये विलीनीकरण होऊन सत्यमच्या १७ समभागांस टेक महिंद्रचे २ समभाग मिळाले. घाबरून चाळिशीला विकणारा शहाणा की ‘अडकलो’ म्हणत बसून राहणारा शहाणा, याचे उत्तर भावाने दिले; पण ते उत्तर दोघांपैकी कोणाच्याही विचारातून निघालेले नव्हते.

सत्यमचे समभाग अमेरिकी बाजारात ज्यांनी घेतले होते त्यांनी तेथील न्यायालयात सामूहिक दावा केला आणि २०११ मध्ये कंपनीने १२.५ कोटी डॉलरची तडजोड मान्य केली. मुंबईच्या बाजारात घेणाऱ्याला असा मार्ग तेव्हाच्या आपल्या कंपनी कायद्यात नव्हता. भागधारकांच्या सामूहिक दाव्याची तरतूद २०१३ च्या कायद्यात आली आणि २०१६ मध्ये अमलात आली. २००९ मध्ये ‘अडकलो’ म्हणणारा हैदराबादचा किंवा ठाण्याचा भागधारक शब्दशः खरे बोलत होता, असे या संदर्भात म्हणावे लागते. ज्याला दाद मागण्याची वाट नाही, त्याच्या तोंडी अकर्मक क्रियापद येणे स्वाभाविक आहे.

५

आता दुसरे उदाहरण पाहू. कॅनडातील वॉटर्लू येथील ब्लॅकबेरी कंपनीच्या दूरध्वनीयंत्राने एके काळी जगभरच्या कचेऱ्या व्यापल्या होत्या. २००८ च्या जूनमध्ये तिचा समभाग अमेरिकी बाजारात १४० डॉलरच्या पुढे होता. २००७ मध्ये आयफोन आल्यानंतर तिची पीछेहाट सुरू झाली, आणि ती कोणापासून लपविलेली नव्हती. सप्टेंबर २०१३ मध्ये संपूर्ण वर्षाचा नव्हे, एकाच तिमाहीचा तोटा सुमारे ९६.५ कोटी डॉलर झाल्याचे तिने स्वतःच जाहीर केले; पुढील तिमाहीचा तोटा ४४० कोटी डॉलर होता. त्याच सप्टेंबरात फेअरफॅक्स या कंपनीने समभागास ९ डॉलर देऊन ती विकत घेण्याचा प्रस्ताव मांडला. नोव्हेंबरात तोही बारगळला. २०१६ मध्ये तिने यंत्रे स्वतः बनविणे थांबविले.

तरीही आशेला आधार नव्हता असे नाही. कंपनीजवळ पेटंटे होती, रोकड होती, आणि २०१० मध्ये घेतलेली क्यूएनएक्स ही प्रणाली मोटारींत वापरली जात होती. जानेवारी २०२१ मध्ये हीच कंपनी लहान गुंतवणूकदारांच्या त्या एकजुटीत सापडली. ७ डॉलरच्या आसपासचा भाव काही दिवसांत २५ डॉलरवर गेला आणि जानेवारी संपण्याआधीच पंधराच्या खाली आला. त्याच जानेवारीत कंपनीच्या काही वरिष्ठ अधिकाऱ्यांनी आपले समभाग विकल्याचे नियमानुसार दाखल झालेल्या नोंदींतून दिसले. ही नोंद वाचणे कोणालाही शक्य होते. ‘हिऱ्याच्या हातां’च्या बोलण्यात तिला वजन मिळाले नाही.

६

दोन्ही उदाहरणे शेजारी ठेवली की या लेखाचे प्रतिपादन स्पष्ट होते. सत्यममध्ये कागद खोटा होता, ब्लॅकबेरीत कागद खरा होता. भागधारकांचे बोलणे मात्र दोन्हीकडे सारख्याच घडणीचे राहू शकते. निर्णय झाकणारे क्रियापद, पूर्वपद नसलेले सर्वनाम आणि पुढच्या तिमाहीचा भविष्यकाळ हे घटक दोन्हीकडे सहज बसतात. म्हणून केवळ बोलण्यावरून भागधारकाला लोभी वा भोळा ठरविता येत नाही, तसेच भाव पुढे काय झाला यावरूनही ठरविता येत नाही. पाहावयाचे ते हे की त्याच्या बोलण्याचा उपलब्ध कागदाशी काय संबंध होता. जेथे कागद खरा असून बोलण्याने त्याला वळसा घातला तेथे जबाबदारी बोलणाऱ्याची आहे. जेथे कागदच खोटा होता तेथे ती लिहिणाऱ्याची आणि त्यावर सही करणाऱ्याची आहे. बाजार कोसळल्यावर आपण हा भेद करीत नाही, आणि तो न केल्याने ज्यांनी खोटे लिहिले त्यांच्या दोषाचा मोठा वाटा ज्यांनी विश्वास ठेवला त्यांच्या माथी जातो.

यावर एक आक्षेप येईल. आजारी माणसाचे नातेवाईक, परीक्षेच्या निकालाची वाट पाहणारा विद्यार्थी, पावसाची वाट पाहणारा शेतकरी, हे सर्व असेच बोलतात. मग यात भागधारकाचे वेगळेपण काय? आक्षेप रास्त आहे, परंतु त्यातच उत्तरही आहे. पाऊस शेतकऱ्याच्या हाती नाही, निकाल विद्यार्थ्याच्या हाती उरलेला नाही. भागधारकाला मात्र, निदान ब्लॅकबेरीसारख्या प्रसंगी, रोज एक कृती करता येते. ज्यांच्या हाती काहीच नाही त्यांची भाषा ज्याच्या हाती काही आहे त्याने उसनी घेतली, येथे या बोलण्याचा खरा दोष आहे.

वाणिज्य विभागात ताळेबंद वाचावयास शिकवितात, भाषा विभागात वाक्य वाचावयास शिकवितात. लहान भागधारकाला दोन्हींची गरज आहे आणि दोन्ही त्याच्या भाषेत हवी आहेत. वार्षिक अहवाल मराठीत समजून घेता आला तर तो अडकणार नाही असे मुळीच नाही. सत्यमचा अहवाल मराठीत असता तरी तो खोटाच असता. पण मग ‘मी अडकलो’ आणि ‘मला अडकवले’ या दोन वाक्यांपैकी आपले वाक्य कोणते, हे त्याला स्वतःला ठरविता येईल. आज ते त्याच्यासाठी इतर लोक ठरवितात.