परीक्षानळीतला न्याय

खांदेश्वरला आमच्या शेजारची मुले 'सी.आय.डी.' आवडीने पाहतात. सोनी वाहिनीवर १९९८ साली सुरू झालेली ही मालिका २०१८पर्यंत चालली आणि डिसेंबर २०२४मध्ये पुन्हा आली. तीत डॉ. साळुंखे परीक्षानळीत काहीतरी ओततात, द्रवाचा रंग बदलतो आणि गुन्हेगार सापडतो. एका मुलाने आम्हाला विचारले, "त्या नळीत काय असतं?" मालिकेत याचे उत्तर आम्हाला सापडले नाही.

खरी चाचणी कशी असते? रक्ताचा संशय असलेल्या डागाच्या नमुन्यावर फिनॉल्फ्थॅलीनचे रंगहीन रूप व नंतर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकले, की गुलाबी रंग येतो. पण काही वनस्पतींच्या रसानेही तो येऊ शकतो. म्हणजे रंग हा निकाल नव्हे. पुढे तपासा, एवढीच ती सूचना. डीएनएची ओळख पटवायची तर त्याच्या प्रती सुमारे ३० आवर्तनांत वाढवाव्या लागतात. एरवी त्यालाच तास-दोन तास जातात.

मालिकेच्या धबडग्यात हे जमत नाही, ही सबब आम्हाला पटत नाही. याच मालिकेने ७ नोव्हेंबर २००४ रोजी १११ मिनिटांचा भाग एकाच सलग चित्रीकरणात दाखवला. काळजी घेता येत होती. ती कॅमेऱ्याच्या वाट्याला आली, प्रयोगशाळेच्या नाही. "अहवाल उद्या मिळेल" या एका वाक्याने रहस्य उलट वाढलेच असते.

शिक्षक मित्रहो, असा एखादा भाग वर्गात चर्चेला घ्या. नमुना कोणता, तुलना कशाशी, वेळ किती, हे तीन प्रश्न मुले विचारू लागली, तर मालिकेची चूकही कामी येईल.