मिनर्वा गल्लीतली भिंत

सिसिलीत सिराकूझाच्या कॅथेड्रलकडे समोरून जाऊ नये. दर्शनी बाजू वास्तुविशारद आंद्रेआ पाल्माची, 1693 च्या भूकंपानंतर अठराव्या शतकात उभी राहिलेली. देखणी आहे, फोटो तिचेच निघतात. पण आपण आधी डाव्या अंगाच्या मिनर्वा गल्लीत वळावं.

तिथे चर्चच्या भिंतीतून जाडजूड डोरिक खांब अर्धेमुर्धे बाहेर डोकावतात. इ.स.पूर्व 480 मध्ये हिमेराला कार्थेजचा पराभव करून सिराकूझाचा सत्ताधीश गेलॉन यानं अथेनाचं मंदिर बांधायला घेतलं, त्याचे हे खांब. सातव्या शतकात मंदिराचं चर्च झालं. ते ज्यानं केलं त्या गवंड्याच्या डोक्याला दाद द्यायला हवी. बाहेरच्या खांबांमधली मोकळी जागा त्यानं दगडांनी बुजवली, आणि आतल्या गाभाऱ्याच्या सलग भिंती फोडून दोन्हीकडे आठ-आठ कमानी काढल्या. उघडं होतं ते मिटलं, मिटलेलं उघडलं. जो गाभारा देवीचा होता, तिथे आता बाकांवर माणसं बसतात. धर्मांतर इतक्या काटकसरीत झालेलं मी तरी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

भिंतीजवळ उभं राहिलं की खांबावरच्या उभ्या पन्हळी दिसतात, कडा झिजलेल्या. त्यांना खेटून भरावाचे ओबडधोबड दगड, आणि वर किल्ल्याला शोभाव्यात अशा चर्या. या मंदिराची सोन्या-हस्तिदंताची दारं रोमन सुभेदार व्हेरेसनं लुटली. सिसेरोनं त्याच्यावरच्या खटल्यात त्यांचं रसभरीत वर्णन केलंय. सोनं गेलं. दगड नेण्याची तसदी कुणी घेतली नाही.

आत शहराची रक्षक संत सांता लुचिया हिची चांदीची मूर्ती आहे, 1599 ची. 13 डिसेंबरला तिची मिरवणूक निघते. त्या दिवशी सिसिलीत पाव आणि पास्ता वर्ज्य. खायची ती कुच्चीआ. दुष्काळात गव्हाचं जहाज बंदराला लागलं, लोकांना दळण्याइतकाही धीर निघेना, म्हणून त्यांनी गहू तसेच उकडले, अशी दंतकथा. भिजवून शिजवलेले अख्खे गहू, त्यात साखर घोटलेला रिकोटा. आपली गव्हाची खीर आठवतेच, फक्त इथे दूध आटवायच्या ऐवजी फाडलेलं. दाणा दाताखाली किंचित तटतटला पाहिजे, मग रिकोटाचा मऊपणा कळतो. काही जण वर साखरेत मुरवलेली फळं आणि चॉकलेटचे तुकडे घालतात. असली सजावट पाल्मानं दर्शनी भिंतीवर करावी, कुच्चीआत नको.