उपज आणि चित्रावकाश

अमूर्त चित्राविषयी लिहिताना ‘रंगांचे संगीत’, ‘रेषांची लय’ असे शब्दप्रयोग समीक्षेत इतक्या सहजपणे येतात की, त्यांतून नेमके काय सांगावयाचे आहे हे कोणी विचारीत नाही. चित्र स्तब्ध असते. गायकाची उपज काळाच्या ओघात घडते आणि घडताच लोपते. मग चित्रकाराने उपजेकडून घ्यावे तरी काय?

कांडिन्स्कीने १९०९ पासून आपल्या अनेक चित्रांना ‘इम्प्रोव्हिजेशन’ हे नाव देऊन त्यांस क्रमांक लावले. १९११च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने अशा चित्रांचे मूळ अंतर्मनाच्या आकस्मिक, बव्हंशी अबोध उद्गारात शोधले. सावकाश, पुनःपुन्हा तपासून सिद्ध होणाऱ्या चित्रांसाठी ‘कॉम्पोझिशन’ ही संज्ञा राखून ठेवली. गंमत अशी की, काही ‘इम्प्रोव्हिजेशन’चेही पूर्वाभ्यास उपलब्ध आहेत. संज्ञा संगीताकडून आली, रीत मात्र चित्रशाळेचीच राहिली.

मोंद्रियानचे उदाहरण अधिक बोलके आहे. १९४० मध्ये युद्धग्रस्त लंडन सोडून न्यूयॉर्कला आल्यावर अमेरिकेतील कृष्णवर्णीय वादकांच्या बूगी-वूगी या पियानोशैलीने तो भारावून गेला. या वादनात डावा हात खर्जातील एक ठरावीक आकृती अखंड फिरवीत राहतो आणि उजवा हात तिच्यावर नवनवी वळणे रचतो. ठेका सांभाळून उपज करणाऱ्या आपल्याकडील कलावंताला ही व्यवस्था परकी वाटू नये. १९४२-४३ मधील ‘ब्रॉडवे बूगी-वूगी’त मोंद्रियानच्या पूर्वीच्या चित्रांना बांधून ठेवणाऱ्या काळ्या रेषा उरलेल्या नाहीत. पिवळ्या पट्ट्यांवर तांबडे, निळे, करडे लहान चौकोन पेरलेले आहेत. उभ्याआडव्याची शिस्त तीच. परंतु तिच्यातले आघात अनपेक्षित जागी पडतात आणि नजर कोठेच फार काळ ठरत नाही. स्वर आणि रंग यांची जोडी लावण्याचा बाळबोध खटाटोप येथे नाही. मोंद्रियानने घेतली ती रचनेची नीती.

त्यानंतरच्या ‘व्हिक्टरी बूगी-वूगी’त मात्र साम्याची मर्यादा दिसते. जवळजवळ पूर्ण झालेले हे चित्र त्याने जानेवारी १९४४ मध्ये रंगीत कागदाचे तुकडे व पट्ट्या डकवून पुन्हा मोडले. १ फेब्रुवारीस तो वारला. पट्ट्या तशाच राहिल्या. गायकाला लागलेला स्वर परत घेता येत नाही, घसरलेली जागाही पुढच्या बढतीत सामावून घ्यावी लागते. मोंद्रियानला पट्टी उचलता येत होती. हा भेद नजरेआड करणारी समीक्षा संगीतावर आणि चित्रावर सारखाच अन्याय करते.

वासुदेव गायतोंडे (१९२४-२००१) यांच्या चित्रांना रागविस्ताराची उपमा वारंवार दिली जाते. हिंदुस्थानी संगीताची त्यांना ओढ होती, हे खरे. परंतु त्यांच्या प्रगल्भ काळातील चित्रांत ठेक्यासारखी चौकट आढळत नाही, म्हणून मोंद्रियानची कसोटी त्यांना जशीच्या तशी लावता येणार नाही. तालमुक्त आलापाशी त्यांचे नाते अधिक जवळचे मानावे. रोलर आणि पॅलेट नाइफ वापरून थर चढवणे, काही काढून घेणे, मध्ये दीर्घकाळ काहीच न करणे, आणि वर्षाकाठी मोजकीच चित्रे. आलापीत दोन स्वरांमधील विराम श्रोत्याला गायकाबरोबरच भोगावा लागतो. गायतोंडे यांचा विराम चित्र पुरे होण्याआधीच संपलेला असतो; प्रेक्षकापुढे येतात ते एकमेकांखालून उजळणारे थर, आणि त्यांच्यापुढे किती वेळ थांबावे हे त्याचे त्यालाच ठरवावे लागते.